चारची घार आणि नगरपालिकेचं फायबर

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या दारासमोर नगरपालिकेनं चर खणायला घेतला आहे. रस्त्याच्या कडेला केशरी नळीची वेटोळी रचून ठेवली आहेत. मी चहाचा कप घेऊन दारात उभा राहिलो आणि खणणाऱ्याला विचारलं, "पाण्याची लाइन का?"

"फायबर," तो म्हणाला. "घरोघरी इंटरनेट. तुम्ही कुणाचं वापरता?"

"माझंच."

"म्हणजे कुठल्या कंपनीचं?"

"माझं स्वतःचं."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या बनियनकडे पाहिलं आणि पुन्हा खणायला लागला.

हे सगळं कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून ही वही. चौदा वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर मी मोठी डिश बसवली. शहरातून हवेतून येणारं इंटरनेट तिच्यावर घ्यायचं आणि तिथून एकशे बारा घरांच्या छपरांवर पोचवायचं, एवढाच माझा धंदा. लोक मला 'हवावाले' म्हणतात. टाकीवरच्या जागेची परवानगी दर ३१ मार्चला संपते आणि दर वर्षी नगरपालिका ती वाढवून देते. यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा लक्षात आलं, की माझ्या दुकानाचा पाया माझ्या स्पर्धकाच्या डोक्यावर आहे.

हिला सांगितलं. ही तेव्हा नव्या वायरींना चिठ्ठ्या चिकटवत होती. आमच्याकडच्या सगळ्या वायरींवर हिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. 'ही ओढली तर खालची आळी बंद.' अक्षर गोल, आणि प्रत्येक 'ळ'ला लांब शेपटी.

"मग परवानगीचं आत्ताच विचारा," ही म्हणाली.

"अजून दोन महिने आहेत."

"म्हणूनच म्हणते."

देवावर विश्वास असणाऱ्या माणसानं इतकी घाई करू नये, असं मला वाटतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी चारला मास्तरीणबाईंचा फोन. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, एकट्याच राहतात. मुलगी परदेशात. तिच्याशी त्या रोज दुपारी व्हिडिओवर बोलतात.

"हवावाले, तुमची घार बसली वाटतं."

"बसली असेल, बाई."

"लेक तोंड उघडं ठेवून थांबलीय. बरं, तेवढ्यात मी चहा टाकते."

दोन मिनिटांत घार उडते आणि सगळं सुरळीत होतं. चार वर्षं हे असंच चाललं आहे. घार येते, शहराकडे तोंड केलेल्या मोठ्या डिशच्या कडेवर बसते, तिच्या वजनानं डिश बोटभर झुकते आणि गावाचं इंटरनेट थांबतं. जाड पाइप लावला तर डिश हलायची नाही. पण त्यासाठी कडेला लोखंडी पट्टी मारावी लागेल आणि मग तिला बसायला जागा उरणार नाही. टाकी नगरपालिकेची, आभाळ देवाचं. मी कोण तिला उठवणार?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज नगरपालिकेचे अभियंता साहेब घरी आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

अडचण अशी आहे. फायबर गावभर टाकून झालं. टाकीखालच्या खोलीत यंत्रंही बसली. पण गावाबाहेरच्या पुलावरून केबल न्यायला पूल खात्याची परवानगी आलेली नाही. म्हणजे घरोघरी नळ बसवलेत, धरणाला मात्र काही जोडलेलं नाही. आणि उद्घाटन १९ तारखेला.

"तुमच्या डिशवरून खाली आमच्या खोलीत एक वायर द्या," साहेब म्हणाले. "तासाभराचा प्रश्न आहे."

"आणि लोकांना काय सांगणार?"

"लोक कुठे विचारतात? लोक टाळ्या वाजवतात."

मी धीर करून टाकीच्या परवानगीचं काढलं. साहेब म्हणाले, "तुम्ही सहकार्य करा, मी बघतो."

आतून हिचा आवाज आला, "बघतो म्हणजे काय, साहेब? लेखी बघा ना."

"वहिनी फार कडक आहेत हो," म्हणून साहेब हसले आणि उठले. चहा अर्धाच प्यायले.

भल्या माणसाला असं अडवून बोलू नये, असं मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "भल्या माणसानं चहा पूर्ण प्यायला असता."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे खोटं होईल का, असं देवासमोर बसून विचारलं. उत्तर आलं नाही, पण शाळा आठवली.

आमच्या गावच्या शाळेत पटावर मुलं चाळीस आणि वर्गात पंचवीस. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी गुरुजी शेजारच्या गावातून पंधरा मुलं उसनी आणायचे. शेजारच्या शाळेची तपासणी असली, की आम्हाला तिकडे धाडायचे. मी तीन वेळा उसना गेलो. एकदा पाढे बिनचूक म्हटले म्हणून त्या शाळेचा हुशार विद्यार्थी म्हणून मला पेन्सिल बक्षीस मिळाली, आणि माझ्या गुरुजींनीच टाळ्या वाजवल्या. ती पेन्सिल मी परत केली नाही. अजून खणात आहे.

तेव्हा गुरुजींच्या मनात पाप नव्हतं. शाळा बंद पडू नये, इतकंच होतं. साहेबांना होकार कळवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शब्द दिला की पूर्ण द्यावा. डिशवरून येणारं सगळं इंटरनेट त्या तासाला मिळावं म्हणून साडेतीनलाच मी एकशे बारा घरं बंद केली.

मला वाटलं होतं, तासाभराचं कुणाच्या लक्षात येणार नाही. झालं उलटंच. इंटरनेट गेलं तशी माणसं घराबाहेर पडली, आणि गावात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून सगळी मांडवात येऊन बसली. साहेब खूश. "एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं," मला म्हणाले.

नगराध्यक्षांनी फीत कापली आणि मोठ्या पडद्यावर आपल्या परदेशातल्या मुलीला व्हिडिओ लावला. खोटं कशाला सांगू, माझाही ऊर भरून आला. इतकं स्वच्छ चित्र मी चौदा वर्षांत कुणाला दिलं नव्हतं. मुलीच्या मागे वाळत घातलेले मोजे मोजता येत होते.

"बघा!" नगराध्यक्ष ओरडले. "याला म्हणतात फायबर! आता हवेवर जगायचे दिवस संपले!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सवय आहे.

आणि चार वाजले. पडद्यावर नगराध्यक्षांची मुलगी तोंड वासून थांबली. एक डोळा अर्धा मिटलेला. साहेब घाईनं माइकवर म्हणाले, "त्यांच्याकडचं नेटवर्क जरा खराब दिसतंय." दुसऱ्या रांगेतल्या मास्तरीणबाईंनी घड्याळ पाहिलं. मग मान वर करून टाकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी चप्पल नीट केली.

त्यानंतर फॉर्मचं टेबल मांडलं. आमच्या गल्लीतला शिंपी रांगेतून म्हणाला, "काय हवावाले, तुमचं दुपारपासून ठप्प! आणि हे बघा कसं पळतंय!"

"पळतंय खरं," मी म्हटलं.

टेबलावर पेन नव्हतं. माझं चांगलं निळ्या शाईचं पेन खिशात होतं, ते दिलं. संध्याकाळपर्यंत ते रांगेतून हातोहात फिरत होतं. सत्तर फॉर्म भरले. साहेबांनी पेन परत करताना आभार मानले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रात्री झोप नाही. ज्या दिवशी सगळ्यात चांगलं काम केलं, त्याच दिवशी गिऱ्हाईक गेलं. त्यात सकाळी कळलं, की पहिल्या नंबरचा फॉर्म आमच्याच घरचा आहे. हिनं भरलेला.

"तूसुद्धा?"

"अहो, उद्यापासून त्या फायबरमधून इंटरनेट कुणाचं येणार?"

"नगरपालिकेचं."

"बरं," ही म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. चौदा वर्षं ज्यावर जगलो, त्याच्याबद्दल बायकोला इतकं कमी कळावं, याचं वाईट वाटलं.

१ मार्च, शनिवार

पूल खातं हलत नाही. साहेब पुन्हा आले. लोकांनी फॉर्म भरले, घरोघर पांढरे डबे बसले, आता त्यात काहीतरी यायला हवं ना. "थोडे दिवस वायर तशीच राहू द्या," म्हणाले. मी हो म्हणणार, तोच ही बाहेर आली आणि साहेबांसमोर कोरा कागद ठेवला. साहेबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. शेवटी त्यांनी लिहून दिलं: 'फायबर सेवेसाठी टाकीवरील डिश तात्पुरती वापरण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. हिनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला, वर चिठ्ठी चिकटवली.

आता शहाण्णव घरांत फायबर आहे. त्यांच्या छपरांवरून माझ्या लहान डिश मीच उतरवल्या. उरलेल्या सोळा घरांना हवेतून मिळतं. दोन्हीकडे इंटरनेट त्याच एका मोठ्या डिशचं. फक्त शहाण्णव जण खूश आहेत आणि सोळा जण कुरकुरतात.

६ मार्च, गुरुवार

नगरपालिकेच्या तक्रारींचा फोन साहेबांनी माझ्या मोबाइलवर वळवला आहे. "तुम्हाला त्यातलं कळतं," म्हणाले. मला नाव सांगायचं नाही. मी आवाज जरा जाड करतो. देवाला ते माहीत आहे.

आज शिंप्याचा फोन.

"नगरपालिका फायबर, बोला."

"साहेब, डब्यावरचा दिवा लाल झालाय."

"बंद करून चालू करा."

"झाला हिरवा! नाही, फार उत्तम आहे तुमचं. आधी एक हवावाले होते. माणूस सोन्यासारखा, पण सगळा कारभार वाऱ्यावर."

"असं?"

"तर काय. साहेब, घसा बसलाय का तुमचा? गरम पाणी प्या. आणि टाकीवर चढताना मफलर बांधत जा."

नगरपालिकेच्या तक्रार विभागातला माणूस टाकीवर चढतो, हे त्याला कुणी सांगितलं असेल? विचार करून करून मी नाद सोडला. मफलर मात्र शोधून ठेवला.

१७ मार्च, सोमवार

पूल खात्याची परवानगी आली. खरं फायबर आज सुरू झालं.

मी स्वतः खोलीत जाऊन वेग मोजला. पुन्हा मोजला. माझ्यापेक्षा वीसपट. आपल्याहून मोठं काही समोर आलं की मान झुकवावी, एवढं गावच्या शाळेत शिकलो. झुकवली. मग माझी वायर काढून गुंडाळली.

साहेब म्हणाले, "टाकीवर खासगी काही नको, असा ठराव येतोय. ३१ तारखेपर्यंत डिश उतरवा. तुमचे उरलेले सोळा आम्ही आजच घेतो, काळजी नको."

"तुम्ही बघतो म्हणाला होतात."

"बघितलं ना," साहेब म्हणाले. "जमत नाही."

म्हणजे चौदा दिवस. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं, याची यादी करायला बसलो. पहिली ओळ सुचली नाही.

चारला टाकीवर गेलो. घार आली, बसली, डिश झुकली. खालून एकही फोन आला नाही. आम्ही दोघं तिथे निरुपयोगी बसून होतो.

उतरताना मनात आलं, ते लिहितो. देवाजवळ मागितलं नाही. पण मनात आलं की, ते तुटावं.

२१ मार्च, शुक्रवार

तुटलं.

पाणीपुरवठा विभागानं गळती काढायला मुख्य रस्ता खणला आणि शहराकडून टाकीपर्यंत येणारं फायबर मधोमध कापलं. नगरपालिकेनं टाकलेलं, नगरपालिकेनंच तोडलं. सबंध गाव बंद.

देवासमोर कान पकडले. मी असं म्हटलं नव्हतं, फक्त मनात आलं होतं. पण तिथे हा फरक धरतात का, ठाऊक नाही.

२६ मार्च, बुधवार

सहावा दिवस. फायबर विभाग म्हणतो, तोडलं त्यांनी, जोडावं त्यांनी. पाणी विभाग म्हणतो, आमच्या लाइनीवर विनापरवानगी फायबर टाकलं, आधी त्याचा खुलासा द्या. दोन्ही विभागांची टेबलं एकाच खोलीत आहेत. तरी पत्रं टपालानं जातात.

तक्रारींचा फोन अजून माझ्याकडेच आहे. तो परत वळवून घ्यायची आठवण कुणाला झाली नाही. दिवसाला साठ फोन. मी म्हणतो, "नोंद घेतली." लोक म्हणतात, "आधी तर लगेच माणूस यायचा."

पेन दोन दिवस सापडत नाही. हे त्या बक्षिसाच्या पेन्सिलीनं लिहितो आहे. अजून चांगली चालते.

ही दुपारभर बाहेर असते. चालायला जाते म्हणे, डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते विचारायचं राहिलं. ज्याच्या त्याच्या दारात थांबत चालते, असं शेजारी म्हणाले. दम लागत असेल.

२९ मार्च, शनिवार

डिशचे दोन बोल्ट सोडवले. दोन राहिले. मग निरोप घ्यायला मास्तरीणबाईंकडे गेलो. खोटं घेऊन टाकीवरून उतरू नये असं वाटत होतं.

"बाई, एक कबूल करायचंय. उद्घाटनाला आणि पुढे १७ तारखेपर्यंत तुम्ही जे वापरलंत, ते फायबर नव्हतं. माझंच होतं."

बाईंनी चष्मा पुसला. "हवावाले, मी गणित शिकवायची, विज्ञान नाही. तरी जमिनीखालच्या वायरीवर घार बसत नाही, एवढं मला कळतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज चारला लेक तोंड उघडं ठेवून थांबायची आणि मी चहा टाकायची. फायबरमध्येही!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मनापासून खोटं बोलत होतात, मोडवेना. तो जाड आवाज तर फारच वाईट होता हो."

बाई एकट्या राहतात, निरीक्षण दांडगं आहे. बाकी कुणाला कळलं नाही, हेच नशीब. निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या घरच्यांना चालायला जाणं जमतंय ना? माझ्या दाराशीही येऊन गेल्या." मी म्हटलं, "हो, तब्येतीसाठी." त्यांना उगाचच हसू आलं.

३१ मार्च, सोमवार

उरलेले दोन बोल्ट सोडवायला निघालो होतो. तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई बोलवायला आला.

साहेबांच्या टेबलावर अर्ज. एकशे चार सह्या, पहिली शिंप्याची. साहेबांनी मलाच वाचायला लावला:

'आम्हा रहिवाशांची नम्र मागणी, की नवीन फायबर आपणांजवळच ठेवून आम्हाला पूर्वीचं फायबर परत द्यावं. ओळख: रोज दुपारी चारला दोन मिनिटं थांबतं. बिघडलं तर माणूस येतो. हिवाळ्यात तो मफलर बांधतो.'

मला अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. गोल, 'आपणांजवळच'मधल्या 'ळ'ला लांब शेपटी. मास्तरीणबाईंचं असणार. शाळेतला हात कळतोच.

अर्जामागे साहेबांनी दिलेल्या कागदाची नक्कल टाचलेली होती, सही-शिक्क्यासकट. ती तिथे कशी आली, ते साहेबांनी मला विचारलं. मला सांगता येईना. खरंच येईना.

साहेबांनी डोकं धरलं. "पूर्वीचं फायबर नव्हतंच, असं लिहू? मग नगराध्यक्षांनी उद्घाटन कशाचं केलं? आणि या कागदावर माझी सही आहे!"

ते आतल्या खोलीत गेले. बराच वेळ नगराध्यक्षांचा आवाज येत होता, साहेबांचा येत नव्हता. बाहेर आले तेव्हा हातात आदेश होता:

'मूळ फायबर सेवेचा भाग असलेली टाकीवरील डिश कायमस्वरूपी तात्पुरत्या तत्त्वावर ठेवण्यास परवानगी देण्यात येत आहे. सदर डिश चालकानेच सांभाळावी.'

"चालकाचं नाव नाही लिहिलं?" मी विचारलं.

"नाव लिहिलं तर तुम्ही खासगी होता," साहेब म्हणाले. "आता जा, आणि आज संध्याकाळपर्यंत ते जुनं फायबर चालू करा."

टाकीवर जाऊन सोडवलेले दोन बोल्ट पुन्हा आवळले, वायर खाली खोलीत सोडली. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "आलं!"

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी देवासमोर जरा जास्त वेळ बसलो. मनात वाईट आलं होतं, तरी त्यानं सांभाळलं. शेवटच्या दिवशी, शेवटच्या दोन बोल्टांवर. कुणाच्या लक्षात न येता किती बारकाईनं सगळं जुळवून आणलं, याचं नवल वाटतं. हिला तसं म्हटलं.

"हो ना," ही म्हणाली. "त्याला फार चालावं लागलं असेल."

देवाबद्दल असं बोलू नये. तिचे पाय दुखत होते. गरम पाणी करून दिलं.

चारला फोन आला. "हवावाले, बसली वाटतं?"

"बसली, बाई."

"मग टाकते चहा."

पेन सापडलं. देवाच्या तसबिरीशेजारीच होतं. मी तिथे रोज बसतो, तरी दिसलं नव्हतं. शाई मात्र जवळजवळ संपली आहे. उन्हाळ्यात सुकत असावी.